‘दिसतो गोड, पण नेम लागत नाही’: अॅनिमे ढंगाच्या व्हीआर नेमबाजीवरची मतं कशी वाचावीत

मोठ्या डोळ्यांची पात्रं, गुबगुबीत राक्षस, गोळी लागली की रक्ताऐवजी उडणाऱ्या चांदण्या. अशा हलक्याफुलक्या व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायच्या) गेमखालची खेळाडूंची मतं वाचायला घेतली की एक तक्रार हमखास भेटते: दिसतो गोड, पण नेम लागत नाही. ही तक्रार वाचून गेम सोडून देऊ नका. नेम न लागण्यात गेमचा दोष असतो तितकाच, कधी कधी त्याहून जास्त, हातातल्या कंट्रोलरचा आणि खोलीचा असतो. कुठली तक्रार गेमच्या खात्यात टाकायची आणि कुठली आपल्या, एवढं ओळखता आलं तर ही मतं फार कामाची आहेत.

सुरुवात बंदुकीच्या कोनापासून करू. २०१६ साली एचटीसी व्हाइव्ह हा व्हीआर हेडसेट आला तेव्हा त्याचे कंट्रोलर सरळ लांब दांड्याचे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑक्युलस रिफ्ट हेडसेटचे टच कंट्रोलर आले, त्यांची मूठ वेगळ्या कोनात कललेली. एका कंट्रोलरवर बेतलेलं पिस्तूल दुसऱ्यावर घेतलं की नळी वर तरी बघते नाही तर खाली तरी. खेळणारा मनगट वाकवून ते भरून काढतो, पंधरा मिनिटांत मनगट दुखायला लागतं आणि तो मत लिहितो की नेमबाजी भिकार आहे.

याची चाचणी सोपी आहे. गेममध्ये समोरची एखादी वस्तू हेरा, डोळे मिटा, हात सरळ करून बोट दाखवावं तसं पिस्तूल तिच्यावर रोखा आणि मग डोळे उघडा. असं पाच वेळा करा. नळी पाचही वेळा एकाच बाजूला, सारख्याच अंतराने चुकत असेल तर कोन बिघडलेला आहे. दर वेळी वेगळीकडे जात असेल तर हाताला सराव नाही किंवा ट्रॅकिंग (हात कुठे आहे हे यंत्राने ओळखणं) ढळतंय. कोन बिघडला असेल तर आधी गेमच्या सेटिंगमध्ये बंदुकीचा कोन बदलायची सोय शोधा, आणि एकदम मोठा बदल न करता थोडा थोडा करत प्रत्येक वेळी डोळे मिटून तपासा. तशी सोय नसेल आणि गेम पीसीवर स्टीमव्हीआरमधून (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची व्हीआर यंत्रणा) चालत असेल, तर गेम चालू ठेवून स्टीमव्हीआरच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये त्याची बाइंडिंग (कंट्रोलर गेमशी कसा जोडायचा याची मांडणी) उघडा. तिथे हाताची पोझ ‘रॉ’ (कंट्रोलरची मूळ जागा आणि दिशा) घ्यायची की ‘टिप’ (त्याच्या टोकाची) हे निवडता येतं. रॉ असेल तर टिप करून पाहा. त्याच ठिकाणी इतर खेळाडूंनी बनवून ठेवलेल्या बाइंडिंगही मिळतात, आपल्याच कंट्रोलरची एखादी सापडली तर काम मिनिटात होतं. २०१६-१७च्या काही जुन्या गेमांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिथे हाताला सवय होऊ देणं एवढंच उरतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. व्हीआरमध्ये पिस्तूल डोळ्यासमोर धरून दोन्ही डोळ्यांनी लांबच्या राक्षसाकडे पाहिलं की पिस्तूल दोन दिसतं, आणि पिस्तुलाकडे पाहिलं की राक्षस दोन. खऱ्या पिस्तुलाचंही असंच होतं, यात गेम काही चुकत नाही. आपला प्रबळ डोळा कुठला ते आधी ठरवा: अंगठा आणि तर्जनीचं गोल करून त्यातून लांबची वस्तू पाहा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू गोलातच राहते तो प्रबळ. नेम धरताना दुसरा मिटा. ज्या गेममध्ये लेझरची रेघ किंवा गोळ्यांच्या ठळक रंगीत रेषा असतात तिथे हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. हलक्याफुलक्या गेममध्ये लेझर नसणं ही मी गेमचीच चूक धरतो, कारण इथे कुणी खऱ्या पिस्तुलाची कसोटी द्यायला आलेलं नसतं.

मग ट्रॅकिंग. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटच्या कंट्रोलरमध्ये इन्फ्रारेड दिवे असतात आणि हेडसेटवरचे कॅमेरे ते शोधत असतात. त्यामुळे समोर आरसा असेल, काचेच्या दाराची कपाटं असतील किंवा दिवाळीतली दिव्यांची माळ खिडकीला लटकत असेल, तर कॅमेऱ्यांचा गोंधळ होतो आणि पिस्तूल मध्येच उडी मारतं. माळ बंद करा, आरशावर चादर टाका. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यासाठी क्वेस्टमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सीची सेटिंग आहे. ती आपोआपवर असते, पण भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अडचण आली तर तिथे ५० निवडून पाहा. खोलीत मिट्ट अंधारही नको, कारण मग कॅमेऱ्यांना खोलीच दिसत नाही. आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल तर हेडसेट तिथे ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं तर पडद्यावर कायमचा डाग पडतो.

क्वेस्ट २च्या कंट्रोलरमध्ये एकेक एए सेल असतो. हात झटकून रीलोड करायच्या (गोळ्या भरायच्या) गेममध्ये तो सेल आत किंचित हलतो, क्षणभर संपर्क तुटतो आणि हात हवेत गोठतो. खेळणाऱ्याला वाटतं गेम अडकला. सेल आणि झाकण यांच्यात कागदाची छोटी घडी दाबून बसवली की प्रश्न मिटतो. आपल्या घरांत आणखी एक धोका म्हणजे छताचा पंखा. राक्षस वरून येतात, हात वर जातो. उभं राहण्याची जागा पंख्याच्या खाली न घेता खोलीच्या एका बाजूला आखा, आणि मनगटाचा पट्टा घातल्याशिवाय ट्रिगरला हात लावू नका.

आता गेमच्या खात्यातल्या गोष्टी. इथे मतं खरी बोलतात.

जपानी आर्केडमध्ये हसऱ्या नेमबाजीची परंपरा जुनी आहे. नाम्कोचा १९९४चा ‘पॉइंट ब्लँक’ हा त्यातला फार देखणा नमुना: काही सेकंदांचे छोटे डाव, फळं फोडा, ठोकळे उडवा, बॉम्बला मात्र धक्का लावू नका. या गेमांच्या बंदुका जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर अवलंबून होत्या. पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका नेमका कधी कुठे आहे यावरून त्या नेम ओळखत. सपाट एलसीडी आले आणि त्या बंदुका निकामी झाल्या. व्हीआरमध्ये हाताची जागा थेट कळते, म्हणून हा प्रकार पुन्हा जिवंत झाला. पण त्या छोट्या डावांचं शहाणपण काही गेमांनी घेतलं नाही. एकाच जागी उभं राहून दहा मिनिटं त्याच त्या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या, हे गोड चित्रांनीही फार वेळ टिकत नाही. ‘तोचतोचपणा’ हा शब्द तीन-चार तास खेळलेल्यांच्या मतांत वारंवार दिसला तर तो मानावा, कारण त्यावर आपल्याकडे सेटिंगचा उपाय नाही.

रीलोडचंही तसंच. खरं मॅगझिन काढून घालायला लावणं हा वेगळ्या गेमांचा आनंद आहे. हलक्या गेममध्ये हात न अडकणारं रीलोड हवं. २०१९च्या ‘पिस्टल व्हिप’मध्ये पिस्तूल खाली रोखलं की गोळ्या भरतात. हालचाल एकच, ती तालावर बसते आणि नजर समोरून हटत नाही. ‘रेझ इन्फिनिट’ तर मान वळवून नेम धरू देतो, एका दमात आठपर्यंत लक्ष्यं पकडतो आणि मग सोडतो, त्यामुळे मनगटाच्या कोनाचा प्रश्नच उरत नाही. नव्या गेमबद्दल वाचताना रीलोड कसं आहे हे सांगणारं मत शोधा. ते एक वाक्य दहा ‘मस्त आहे’पेक्षा उपयोगी पडतं.

चित्रांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण अॅनिमे ढंग व्हीआरमध्ये उतरवणं दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. पात्राभोवतीची काळी रेघ बहुतेकदा एका युक्तीने काढतात: मूळ मॉडेलची किंचित फुगवलेली काळी प्रत घ्यायची आणि तिची फक्त आतली बाजू दाखवायची. जवळून ती सुरेख दिसते. पात्र लांब गेलं की तीच रेघ एका पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि तुटक लुकलुकते. दोन्ही डोळ्यांना ती वेगवेगळी तुटताना दिसते, त्यामुळे पात्राच्या कडा सळसळतात आणि डोळे शिणतात. पीसीवर स्टीमव्हीआरचं रिझोल्यूशन १०० टक्क्यांवरून १३०-१५०वर नेलं आणि गेममध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) चारपट ठेवलं की सळसळ बरीच कमी होते. ग्राफिक्स कार्डाला तेवढं झेपलं पाहिजे मात्र. ९० हर्ट्झवर एका चित्राला सुमारे ११ मिलिसेकंद मिळतात. ती वेळ चुकली की यंत्रणा गेमला निम्म्या वेगावर आणते आणि आडवे पळणारे राक्षस दुहेरी दिसतात. मग नेम पुन्हा चुकतो. दुहेरी दिसायला लागलं की रिझोल्यूशन दहा-दहा टक्क्यांनी खाली आणा.

चेहऱ्यांची गोष्ट याहून नाजूक. अॅनिमे चेहरा समोरून आणि पाऊण बाजूने सुंदर दिसावा म्हणून रचलेला असतो. सपाट पडद्यावर कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात असतो, वाईट कोन तो दाखवतच नाही. व्हीआरमध्ये तुम्ही कुठूनही वाकून पाहता, आणि हनुवटीखालून पाहिलं की नाक गायब, तोंड गालावर सरकलेलं. चांगले कलाकार पाहणाऱ्याच्या जागेनुसार तोंडाचा आकार हळूच बदलतात, प्रकाशाची दिशा चेहऱ्यापुरती हाताने बसवतात. धूर आणि स्फोटांची चित्रं सपाट असतील तर ती पुठ्ठ्यासारखी दिसतात. डोकं एका खांद्याकडे कलवून पाहा: धुराचा ढग तुमच्याबरोबर कलला तर ते सपाट चित्र आहे. स्टोअरवरच्या व्हिडिओत हे कळत नाही, म्हणून ‘प्रत्यक्षात पात्रं कशी दिसतात’ हे लिहिणाऱ्याचं मत मोलाचं.

सबटायटलं डोक्याला चिकटवलेली असतील तर ती नेमाच्या मधोमध येतात. पात्राजवळ टांगलेली असतील तर वळल्यावर वाचायची राहतात. जपानी आवाज ठेवून खेळणाऱ्यांना दुसरा प्रकार परवडतो, पण संवाद चालू असताना राक्षस थांबले पाहिजेत. मळमळीची तक्रार वाचताना गेम तुम्हाला कसा हलवतो ते पाहा. जागेवर उभं राहून खेळायचा गेम क्वचितच त्रास देतो, एकाच वेगाने सरळ पुढे नेणारा थोडा, आणि वळणांवर वेग बदलणारा सर्वांत जास्त. बसून खेळणार असाल तर उंची पुन्हा बसवायची सोय आहे का तेही बघा. नसली तर मोठी माणसंही टेबलाखालून नेम धरत बसतात.

स्टीमवरच्या शेऱ्यांचं गणितही माहीत असावं. ७० ते ७९ टक्के मतं अनुकूल असली की ‘बहुतांशी अनुकूल’चा शेरा मिळतो, ४० ते ६९ असली की ‘संमिश्र’. पण छोट्या व्हीआर गेमवर मतंच मोजकी असतात, पाच-सात नाराज लोक शेरा पालटू शकतात. त्यामुळे टक्केवारी सोडा आणि प्रत्येक मताशेजारचे तास आणि तारीख पाहा. अर्धा तास खेळून नेमाबद्दल केलेली तक्रार कोनाची असू शकते. चार तासांनंतरही नेमाबद्दलच बोलणारा माणूस गेमबद्दल बोलतोय. तारीख जुनी असेल तर त्या काळी कुठले कंट्रोलर होते ते आठवा, आणि मतात हेडसेटचं नाव असेल तर आपल्याशी जुळणारी आधी वाचा.

स्टीमवर आणि मेटाच्या स्टोअरवर पैसे परत मागायची मुदत १४ दिवस, आणि खेळ दोन तासांच्या आत असावा लागतो. हे घड्याळ गेम उघडल्यापासून चालतं, मेनूत घालवलेला वेळही त्यात धरला जातो. म्हणून खोलीची हद्द, दिवे, भिंगांमधलं अंतर आणि सेल हे सगळं गेम उघडण्याआधी उरकून घ्या. गेममध्ये गेल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त कोनाला द्या. त्यानंतर तासभर खेळा, आणि हेडसेट चार्जिंगला लावायच्या आधी पीसीवरचा गेम बंद केलाय ना, ते तपासा.