कौंटी फेअरमधलं सह्यांचं टेबल

आज इथं ओहायोत कौंटी फेअरला गेलो आणि अडकलो एका सत्तरीच्या आजोबांच्या टेबलपाशी. क्लिपबोर्ड, दोरीला बांधलेलं पेन, बाजूला घटनेच्या फुकट पुस्तिका. म्हणाले काँग्रेस (म्हणजे इथली संसद) स्वतःच्या टर्मवर, म्हणजे कितीदा निवडून यायचं यावर, मर्यादा कशाला घालेल, राज्यांनीच कन्व्हेन्शन (घटनादुरुस्ती सुचवायची परिषद) बोलवायला हवं. अमेरिकन घटनेच्या कलम ५ मध्ये सोय आहे खरी, ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागितलं की बोलवावंच लागतं, तिथं ठरेल त्याला परत ३८ राज्यांची मंजुरी. पण आजवरच्या २७ च्या २७ दुरुस्त्या काँग्रेसनेच मांडल्यात, हा रस्ता एकदाही वापरलेला नाही!

मी म्हटलं, अहो पण एकदा सगळे जमले आणि भलतंच काही बदलायला घेतलं तर? प्रतिनिधी किती, मतदान कसं, घटनेत काहीच लिहिलेलं नाही. ते हसले, "म्हणून तर ३८." मुद्दा बरोबर, तरी माझं समाधान काही झालं नाही आणि सही केली नाही (सह्या गोळा करून आपल्या स्टेट आमदाराला असं घेरतात हे मात्र जाम आवडलं). भारतात संसदेनं शंभराहून जास्त दुरुस्त्या केल्यात आणि राज्यांना सुरुवात करायची मुभाच नाही म्हटल्यावर आजोबा म्हणाले, मग तुम्ही लोक भांडता कुणाशी? म्हटलं, एकमेकांशी.