तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे कुकर का नाही

विचारणारे आधी ओट्याकडे बघतात, मग मांडणीकडे, मग माझ्याकडे. "कुकर कुठेय?" नाहीये. "नाहीये म्हणजे?" कामाच्या मावशींनी विचारून झालं, शेजारच्या वहिनींनी विचारलं, मुलीच्या मैत्रिणी विचारतात, शेगडी दुरुस्त करायला आला होता त्या माणसाने पण विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तर त्यांचं त्यांनीच ठरवलेलं असतं, एकतर "अय्या किती छान, पारंपरिक!" (घरात मातीचं भांडं एक नाही, सगळं स्टील आहे) नाहीतर "फुटला होता का हो?" दोन्ही नाही. दरवेळी हसून विषय बदलायचा कंटाळा आलाय म्हणून आता एकदाच लिहून टाकते, आणि इथून पुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे.

आधी हे सांगते की कुकर वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. कुकरमधलं अन्न निकृष्ट, सगळं सत्त्व मरतं, असले फॉरवर्ड मलाही येतात आणि मी ते पुढे पाठवत नाही. साधं गणित आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर डिग्रीच्या वर जात नाही, महाबळेश्वरला तर पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं, आणि कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी एकशेवीसच्या आसपास जातं. म्हणून हरभरे लवकर शिजतात, गॅस वाचतो. २०२१ पासून तर आयएसआय मार्क नसलेला कुकर विकायलाच बंदी आहे. हे मला सगळं माहीत आहे, त्यामुळे "अहो आता खूप सेफ असतात" हे मला कृपा करून समजावू नका.

आता साताऱ्याला काय झालं होतं ते.

होळीचा दिवस, नणंदेच्या सासरची माणसं जेवायला, नैवेद्य बाराच्या आत व्हायलाच हवा असा सासूबाईंचा दंडक. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. पुरण बरंच लागणार म्हणून डाळ डब्यात न लावता मोठ्या कुकरमध्ये थेट टाकलेली, वरून झाकण बसतं आणि हँडल फिरवून लागतं तो कुकर. चणाडाळ म्हणजे फेसाचं काम. फेसाबरोबर सालं, चोथा वर येतो आणि शिट्टी बसते त्या नळीत जाऊन बसतो. म्हणून कुकरमध्ये थेट डाळ घालायची तर निम्म्याच्या वर भरायची नसते. निम्म्याच्या वर होती का? जाऊबाई म्हणतात नव्हती. डाळ त्यांनी मोजली होती, कुकर मी लावला होता, त्यामुळे या मुद्द्यावर आम्ही दोघी फार खोलात जात नाही.

गॅस बंद करून जरा वेळ गेला. मी चिमट्याने शिट्टी उचलली. काहीच नाही, फुस्स पण नाही. सासूबाई पुरणयंत्र धुवून तयार उभ्या, जाऊबाईंचा मिक्सर चालू, बाहेर नणंदेचे सासरे "काय, अजून वेळ आहे का" विचारतायत. वाफ नाही म्हणजे प्रेशर गेलं, हे आपल्याला सगळ्यांनाच शिकवलेलं असतं ना? हँडल जड लागलं, पण त्याच आठवड्यात रिंग नवी घातली होती आणि नवी रिंग जड लागतेच. मी जोर लावला.

आवाज लोकांना वाटतो तसा मोठा झाला नाही. नळी चोथ्याने बुजलेली, वाफ सगळी आतच होती. झाकण उडून माझ्या खांद्याला लागलं आणि डाळ वर गेली. पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं, शिजलेली डाळ चिकटून बसते आणि चिकटून भाजत राहते. डावा हात कोपरापर्यंत, मानेची एक बाजू, हनुवटीखाली. छतावर पिवळे ठिपके पडले होते ते पुढच्या रंगकामापर्यंत तसेच होते. मी नळाखाली हात धरला तेव्हा कोणीतरी ओरडलं की पाणी घालू नका, फोड येतील, आणि मला तिथून ओढून हातावर भिजवलेली कणीक थापली. (भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. कणीक नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फ पण नाही. या लेखातून एवढं घेतलंत तरी चालेल.) डॉक्टरांचा अर्धा वेळ ती वाळलेली कणीक काढण्यात गेला आणि डाळीपेक्षा त्याचं जास्त दुखलं.

घरी आले तेव्हा पंगत उठत होती. उरलेल्या डाळीचं पुरण झालेलं, नैवेद्य दाखवलेला, कटाची आमटीसुद्धा. "तुझ्या दोन पोळ्या झाकून ठेवल्यात गं," सासूबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मायेनेच म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाल्ल्या. उजव्या हाताने. छान झाल्या होत्या.

यानंतर घरात जी गोष्ट सांगितली जाते ती अशी, की हिने घाई केली. सासूबाईंचं ठाम म्हणणं की "मी हिला सांगितलं होतं, कुकर आधी पाण्याखाली धर." मी ते ऐकलंच नाही. मला "चला, आटपा" एवढंच ऐकू आलं होतं. मिक्सर चालू होता, त्या म्हणाल्याही असतील. त्या मुद्दाम खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण मग मी पण नाही. आणि तो प्रसंग निघाला की हे अजूनही खाली बघून जेवत राहतात, त्यांना त्या दिवशी काय ऐकू आलं होतं ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

खरं कारण हे, बघा. कुकरची भीती मला पहिली काही वर्षं होती, नंतर गेली, दुसऱ्यांच्या घरी मी लावते सुद्धा, नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना बघते आणि लावते. पण माझ्या घरात तो आला की कोणीतरी म्हणणार "जपून गं, घाई करू नकोस", आणि ते वाक्य मला माझ्या स्वयंपाकघरात नकोय.

अहंकार म्हणा. मुलगी तेच म्हणते.

त्या वेळची मी मात्र वेगळंच सांगायची. भिशीत सांगायचे की पातेल्यातल्या वरणाला चव वेगळी असते, कुकरमध्ये नुसता गाळ होतो वगैरे. चव थोडी वेगळी असते हे खरंय, पण म्हणून कोणी रोज पाऊण तास वरणापाशी उभं राहत नाही, मीही राहिले नसते. आणि सोलापूरला बदली झाली तेव्हा तर माझी चांगलीच जिरली. बोअरचं पाणी, तूरडाळ दीड तास रटरटून पण दाणा दाणा वेगळा. मला वाटलं दुकानदाराने जुनी डाळ दिली, त्याच्याशी भांडून आले बिचाऱ्याशी. जुनी डाळ हट्टी असतेच, पण ते पाणीच जड होतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीला मऊ पडू देत नाही. कोणी म्हणालं चिमूटभर सोडा घाल. सोड्याने शिजते पण बी-वन जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी लागते. त्या दिवसांत मी दुकानात जाऊन कुकर हातात घेऊन उभी राहिले होते, हे आमच्या घरात कोणाला माहीत नाही, आता कळेल. शेवटी प्यायच्या फिल्टरच्या पाण्यात डाळ लावून बघितली आणि झाली की शिजून!

रोजचं कसं जमतं, हाही प्रश्न असतोच. तूरडाळ अर्धा-पाऊण तास गरम पाण्यात भिजते, मग हळद-हिंग आणि तेलाचा थेंब, तेलाने उतू जायचं कमी होतं. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, खालचं आटलं की वरचं तापलेलं पाणी आत, हे आईचं. गार पाणी मध्येच ओतायचं नाही. चिंच-आमसूल-टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच, आंबट आधी पडलं तर ती शिजायचं नावच घेत नाही. भाताला एक उकळी आणून पाणी आटत आलं की पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते. राजमा मात्र गोधडीच्या भरवशावर सोडायचा नाही, रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दणकून उकळायचा, कच्चट राहिला तर पोट जाम बिघडतं. गॅस जास्त जातो. हो, जातो. मी बिनसाखरेचा चहा पिते, त्यात भरपाई झाली म्हणायची.

पण ऑनलाइन रेसिप्यांचं एक कोडं मला सुटत नाही. "तीन शिट्ट्या काढा." अहो कोणाच्या तीन शिट्ट्या? मोठ्या गॅसवरच्या की बारीक, दोन लिटरच्या कुकरच्या की सातच्या? मिनिटं लिहा ना.

मुलीने मागच्या वाढदिवसाला विजेवरचा कुकर पाठवलाय. मी त्याचं पुस्तक अख्खं वाचलं. आत प्रेशर असेपर्यंत एक पिन वर राहते आणि तोवर झाकण फिरतच नाही, कोणी कितीही "आटपा" म्हणू दे. चांगली सोय केलीये, मला आवडली. खोका अजून माळ्यावर आहे. सासूबाई आता आमच्याकडेच असतात, त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि त्यांनी खोका बघून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मुलगी म्हणते दिवाळीला आल्यावर मीच लावून दाखवते, छोले न भिजवता पण होतात त्यात. लावू दे तिला. मी आदल्या रात्री भिजवून ठेवणार आहे.