फायबरची होडी पाणी पिते

होडी उसाच्या वजनकाट्यावर चढवली तेव्हा काटेवाला माझ्याकडे बघतच राहिला. हंगाम संपलेला, काटा मोकळाच होता. ट्रॉलीसकट होडी मोजली, मग होडी उतरवून रिकामी ट्रॉली मोजली. फरक ५४० किलो. होडीच्या आत बनवणाऱ्याचा पत्रा होता, त्यावर वजन ३९० किलो लिहिलेलं. इंजिन काढलेलं, टाकी काढलेली, आत साधं वल्हंसुद्धा नाही. मग हे दीडशे किलो कसलं?

पाण्याचं. बाहेरून टिपूस दिसत नव्हता. पांढरा ऑइलपेंट चकाकत होता.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं फायबरचं शेड आहे. केमिकलच्या टाक्या, ट्रॅव्हल्सचे बंपर, देवळांचे कळस हे रोजचं काम. होड्या कमीच येतात आणि येतात त्या मे महिन्यात, सगळ्या एकदम. जून तोंडावर आला की पुराची आठवण होते, आणि मग मागणी ठरलेली असते : "धुऊन, घासून, रंग मारून द्या. पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक आहे." ही होडीही तशीच आली. कृष्णाकाठच्या एका गावची, अठरा फुटी, उघडी, मागे इंजिन लावायची. सोबत पंचायतीचे एक सदस्य आणि होडी चालवणारे नाना. नाना सत्तरीच्या आसपासचे, हात वल्ह्यानं घट्टे पडलेले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते त्या एकाच गावात होतं असं मला वाटत नाही.

मला शंका आली ती उतरवताना. चार पोरांनी मागची बाजू धरली आणि चौघांच्याही माना ताठल्या. अठरा फुटी होडी इतकी जड नसते. म्हणून परत चढवून काट्यावर नेली.

दीडशे किलो म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं. कुणी पाय ठेवायच्या आधीच ती दोघं होडीत बसलेली, आणि पत्र्यावर आठ माणसांची मर्यादा लिहिलेली. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी, जास्त माणसं भरलेली होडी उलटली आणि माणसं बुडाली. त्या दिवसांत सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमच्या भागात होडीत किती माणसं बसवायची हा प्रश्न तेव्हापासून कुणी हलक्यात घेऊ नये. माणसं मोजणारे निदान काहीजण तरी असतात. होडीचं स्वतःचं वजन कुणीच मोजत नाही.

शेडमध्ये आल्यावर होडी पालथी घातली आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत गेलो. चांगला फायबर ठणठण वाजतो, आत पाणी शिरलेला किंवा थर सुटलेला भदभद वाजतो. कान सरावला की डोळे मिटूनसुद्धा खडूनं नकाशा काढता येतो. पुढचा भाग चांगला होता. मधला तळ जागोजागी भदभद. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखी गप्प.

तळाचा रंग खरवडला तेव्हा खाली फोड दिसले. मुगाएवढे, हरभऱ्याएवढे, काही रुपयाएवढे. एकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. तपकिरी चिकट पाणी पिचकारीसारखं उडालं आणि शिरक्यासारखा आंबट वास सुटला. सदस्य मागे सरकले. नाना पुढे आले आणि बोट लावून हुंगलं.

हे का होतं ते मी त्यांना सांगितलं, इथंही सांगतो. फायबरच्या होडीचं खरं अंग म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. त्यावर बाहेरून जेलकोटचा थर असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. होडीची कातडी तेवढीच. ती पाणी थोपवते, पण पूर्ण नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की वाफेच्या रूपानं थोडं थोडं पाणी आत झिरपतं. रेझिनमध्ये पाण्यात विरघळणारे काही घटक उरलेले असतात, त्यांचा आत घट्ट द्राव तयार होतो आणि तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, तेच. तासगावात बेदाण्याच्या शेडवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा जास्त समजावावं लागत नाही.

आणि यातली एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. खारं पाणी होडीला वाईट आणि नदीचं गोडं पाणी बरं, असं सगळे धरून चालतात. इंजिनाच्या बाबतीत ते बरोबर आहे. फायबरच्या फोडांच्या बाबतीत गोडं पाणी जास्त वाईट. समुद्राच्या पाण्यात मुळात मीठ असतं, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक कमी, ओढही कमी. कृष्णेत ती ओढ पुरी लागते.

मी विचारलं, होडी वर कधी काढता? नाना म्हणाले, "काढतच न्हाई मालक. पूर काय सांगून येतो व्हय? बारा महिने घाटाला बांधून ठेवतो. कवा बी सोडायची तयारी."

मग विचारलं, धुता कशानं? ते त्यांनी अभिमानानं सांगितलं. दर अमावस्येला शेवाळ काढायचं, तारेच्या ब्रशनं, वॉशिंग सोड्याच्या पाण्यानं. डाग निघाला नाही तर संडास साफ करायचं ॲसिड. दर वर्षी दिवाळीला स्वतःच्या पैशानं ऑइलपेंटचा डबा. होडीची एवढी निगा राखणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. आणि तारेच्या प्रत्येक फेऱ्यानं तो अर्ध्या मिलिमीटरचा थर खरवडला जात होता. जिथं फोड सगळ्यांत जास्त होते ती जागा बरोबर शेवाळाच्या पट्ट्याची होती.

हे त्यांना कसं सांगायचं, तिथं मी अडलो. तोंडावर सांगितलं असतं की नाना, तुमच्या घासण्यानंच ही गत झाली, तर ते खरं असूनही अन्यायच झाला असता. गावाला होडी मिळाली तेव्हा सोबत इंजिनाचं पुस्तक होतं, तेही इंग्रजी. फायबर कसा धुवायचा याचा एक कागद त्यांना कुणी दिलेला नाही. देणं कुणाचं काम होतं, तेही कुणाला सांगता येणार नाही. शेवटी मी म्हणालो, "नाना, ब्रश बदला. तुमचा हात बदलू नका." ते काही बोलले नाहीत. फोडलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

मागच्या फळीचं दुखणं मात्र नानांचं नव्हतं. तिथं बाहेरून एक स्टीलची पाटी होती, "यांच्या सौजन्याने" आणि खाली नाव, पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर. आठ स्क्रूंनी ठोकलेली. भोकात सीलंट नाही, काही नाही. फळी म्हणजे दोन्ही बाजूंनी फायबर आणि मधे प्लायवूड. आठ भोकांतून पाणी प्लायमध्ये शिरलं ते परत बाहेर आलंच नाही. आतली कातडी कापून काढली तर प्लाय हातानं निघत होता, काळा, ओला, शेणासारखा मऊ. पुराच्या धारेत पूर्ण ताकदीनं इंजिन चालवलं असतं तर ते इंजिन फळीसकट गेलं असतं. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. देणाऱ्यानं होडी दिली, चांगलंच केलं. पण नावाची पाटी चिकटवताही आली असती.

उरलेलं पाणी तळाखालच्या फोममध्ये होतं. होडी पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून खाली फोम भरतात. तो भिजला की तरंगवायच्या ऐवजी खाली ओढतो. करवतीनं तुकडे कापून बाहेर काढले. पिळले की पाणी गळत होतं.

आता काम. सदस्यांना हवा होता रंग, आणि तोही चार दिवसांत. मी त्यांना सरळ सांगितलं : तळाचे फोड दुरुस्त करायचे तर आधी प्रत्येक फोड उघडायचा, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा म्हणजे आतला चिकट द्राव निघून जाईल, आणि मग वाळवायचा. वाळायला आठवडे, कधी महिने लागतात. प्लॅस्टिकचा तुकडा कडेनं चिकटवून उन्हात ठेवायचा, आतून दव जमलं तर अजून ओलं आहे. ओल्यावर थर चढवला की पाणी आत कोंडलं जातं, वर्षभरात तेच फोड परत. आणि जूनची हवा येऊ घातलेली. तेव्हा तळ दिवाळीनंतर करू, त्यानं होडी लगेच फुटणार नाही. मागची फळी आणि फोम मात्र आत्ताच, कारण त्यानं माणूस मरतो.

"मग प्रात्यक्षिकाला ठिपक्याठिपक्यांची होडी न्यायची?"

हो, म्हणालो.

आमच्या धंद्यातही दोष आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. गाडीच्या डेंटिंगची लांबी, म्हणजे पुट्टी, फोडात भरायची, वरून रंग, झालं काम. ती लांबी स्वतःच पाणी पिते. काहीजण फोमच्या जागी थर्माकोल भरतात आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओततात. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं आणि आत पोकळी राहते. वरून कळत नाही. स्वस्त निविदेत असलीच कामं बसतात.

फळी मी मनासारखी केली. मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. चारी कडा आणि दोन्ही अंगं आधी इपॉक्सी रेझिननं पाजून घेतली. जुन्या फायबरची कड उतरती घासली, जाडीच्या बारापट लांब उतार, म्हणजे नवा थर जुन्याला पुरती मिठी मारतो. घासायच्या आधी मेण आणि तेल ॲसिटोननं पुसायचं, नंतर नाही. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि जोड कधीच धरत नाही. इंजिनाच्या बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, इपॉक्सीनं भरली, आणि मग त्या भरावात बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. बोल्टचं भोक नेहमी असंच करावं, आणि फारच थोडे करतात.

आतला तळ बंद करायला पॉलिएस्टर वापरलं, तेही भल्या पहाटे. सांगलीच्या मे महिन्यात दुपारी हार्डनर घातला की ब्रश डब्यात बुडवेपर्यंत रेझिनचा गोळा होतो. हार्डनर एक टक्क्याच्या आसपास ठेवला आणि एका वेळी थोडेच थर दिले. एकदम जाड केलं तर ते स्वतःच्या उष्णतेनं तडकतं. शेडमध्ये नवीन आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळायचं नाही, पेट घेतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये, पूर्ण ढवळून, मग हार्डनर.

फोमच्या जागी पाणी न पिणारे बंद पेशींचे ठोकळे बसवले, आणि तळात बूच दिलं म्हणजे आत आलेलं पाणी काढता येईल. नाना रोज येऊन बसायचे. एका सकाळी त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मी त्यांना म्हणालो होतो की होडी कोरडी ठेवा, उंचावर, ट्रॉलीवर, छपराखाली. कोयनेचं पाणी सोडल्यावर इथं पोचायला वेळ लागतो, आयर्विनला ४० फुटांना इशारा मिळतो, तेव्हा पाण्यात घाला. नाना म्हणाले, "४० फुटाला आमच्या गावचा रस्ता पाण्याखाली जातो मालक. ट्रॉली कुठनं न्यायची?"

त्यांचं बरोबर होतं. तयार राहिलेली होडी कुजते, आणि सुकी ठेवलेली वेळेला पोचत नाही. मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. रविवारी गावात जाऊन पाहिलं तेव्हा शाळेमागं उंचवटा दिसला. २०१९ ला तिथपर्यंत पाणी आलं होतं, पण वर चढलं नव्हतं. ट्रॉली तिथं ठेवली तर पाणी होडीकडे येईल, होडी पाण्याकडे न्यायला नको.

होडी परत गेली ती ठिपक्यांसकट, नव्या फळीची. पाटी मी सीलंटनं चिकटवून दिली. काट्यावर पुन्हा चढवली, चारशेच्या आत आली नाही, तळात अजून पाणी आहे. म्हणून पत्र्यावरची आठची मर्यादा खोडून सहा रंगवली, आणि सदस्यांकडून सही घेतली. नानांना मराठीत कागद लिहून दिला : मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य साबण, गंजाच्या डागाला पातळ ऑक्झॅलिक ॲसिड हातमोजे घालून आणि लगेच धुऊन, निस्तेज झालेल्या जागी बारीक रबिंग कंपाउंड, वरून वॅक्स. तार नाही, सोडा नाही, ऑइलपेंट नाही. त्यांनी नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि विचारलं, वॅक्स कुठं मिळतं.

शाळेमागच्या छपराचा आणि पाइपच्या ट्रॉलीचा नकाशा मी काढला, आणि दिवाळीनंतरच्या तळाच्या कामाचा अंदाज जोडून पंचायतीला दिला. लिपिक म्हणाला, रंगरंगोटीला खर्चाचं खातं आहे, वाळवण्याला नाही. तरीही त्या कागदावर वाळवणी पहिल्या ओळीत आहे आणि रंग शेवटच्या. उत्तर आलेलं नाही, पुढच्या ग्रामसभेला मी स्वतः जाणार आहे.