टाकीनंतरचे पाणी

बोलण्यात 'सेप्टिक टँक'चा 'सेफ्टी टँक' कधी झाला हे सांगता येणार नाही, पण हा अपभ्रंश मला नेहमीच बोलका वाटत आला आहे. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमरन यांनी आपल्या टाकीला 'सेप्टिक' हे नाव दिले ते कुजण्याच्या क्रियेवरून. सुरक्षिततेशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तरीही टाकी जमिनीत गेली आणि वर फरशी बसली, की घरातील मैल्याची कायमची व्यवस्था लागली असे आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात टाकीचे काम मर्यादित असते. आलेले सांडपाणी एक-दोन दिवस संथ ठेवायचे, एवढेच तिने करायचे असते. त्या अवधीत जड भाग तळाशी बसतो, तेल आणि तूपकट पदार्थ सायीसारखे वर जमतात आणि मधला, त्यातल्या त्यात निवळ थर पुढे जातो. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू सावकाश काम करतात आणि त्याचा काही भाग वायूत रूपांतरित करतात. टाकीत आडभिंत घालून दोन कप्पे केलेले असतात, कारण पहिल्या कप्प्यातील खळबळ दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये. आणि बाहेर जाणाऱ्या नळाला टी आकाराचा तुकडा जोडतात तो वरची साय नळात शिरू नये म्हणून. या तुकड्याची किंमत नगण्य असते, आणि बहुधा म्हणूनच तो बसवायचा राहून जातो.

एवढे सगळे नीट जमले तरी पाण्यातील सेंद्रिय भार, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांचे प्रमाण, साधारण ३० ते ५० टक्क्यांनीच कमी होतो आणि रोगजंतू फारसे घटत नाहीत. म्हणजे बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले, तरी ते मैलापाणीच असते. उरलेली शुद्धी मातीने करायची असते: शोषखड्ड्यातून किंवा सच्छिद्र नळांच्या चरांतून पाणी हळूहळू झिरपते, मातीचे कण आणि त्यांवरील जिवाणू ते गाळतात. मात्र त्यासाठी भूजल पुरेसे खोल हवे, माती फार चिकणही नको आणि फार भुसभुशीतही नको, आणि विहीर लांब हवी. विकसनशील देशांतील दाट वस्त्यांत या अटी क्वचितच पूर्ण होतात. तेथे टाकीचा नळ सरळ उघड्या गटारात सोडलेला असतो. काही ठिकाणी तर टाकीला तळच नसतो, आणि अशा खड्ड्यालाही सेप्टिक टँक म्हटले जाते. कागदावर मात्र 'शौचालय आहे, टाकी आहे' अशी नोंद होते. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी मैल्याची सुरक्षित विल्हेवाटही मोजायला घेतली, हे मला त्या उद्दिष्टांतील महत्त्वाचे पाऊल वाटते.

दुसरा प्रश्न गाळाचा. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेली टाकी दोन-तृतीयांश गाळाने भरली, तर पाण्याच्या वाट्याला जेमतेम सोळा तास येतात, आणि मग गाळच पाण्याबरोबर वाहू लागतो. म्हणून टाकी दर दोन-तीन वर्षांनी, निदान पाच वर्षांच्या आत उपसावी असे सांगतात. 'आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही' हे वाक्य मी अनेकदा अभिमानाने उच्चारलेले ऐकले आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की तिच्यातील मैला कुठून तरी जमिनीत किंवा गटारात निघून जात आहे. तुंबल्याखेरीज झाकण उघडायचे नाही ही सवय व्यक्तीगणिक उपदेश करून सुटत नाही. फिलिपिन्समधील मनिला महानगरात पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी टाक्या उपसतात आणि त्याचा खर्च पाण्याच्या बिलातूनच वसूल होतो, त्यामुळे ऐनवेळी मोठी रक्कम काढण्याची वेळ घरमालकावर येत नाही. मला ही रीत सर्वांत व्यवहार्य वाटते. उपसा यंत्रानेच व्हायला हवा, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. पण सांगावे लागते, कारण बंद टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आत उतरलेल्या माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो.

उपसलेला गाळ टँकरने जवळच्या ओढ्यात ओतला, तर इतकी वर्षे टाकीने अडवून ठेवलेली घाण एका फेरीत पाण्यात जाते. वाळू आणि खडीच्या वाफ्यांवर तो पसरून वाळवणे हा स्वस्त उपाय आहे. पाणी खाली निथळते, त्यावर वेगळी प्रक्रिया करायची आणि वरचा थर खरवडून काढायचा. मात्र वाळलेला गाळ लगेच शेतात टाकणे योग्य नाही, कारण जंतांची अंडी, विशेषतः गोलकृमींची, त्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. तो ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर काही दिवस टिकवावे लागते, किंवा दीर्घकाळ साठवून ठेवावा लागतो. आणि त्यासाठी लागणारी जागा टँकर विकत घेण्यापूर्वीच राखून ठेवलेली असावी लागते.