जहाजावरून मत कसं देतात?

साताऱ्याहून काकांचा फोन आला की निवडणुकीच्या दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे सगळं मोबाइलवर होतं म्हणतेस, मग आपली पोरगी जहाजावरून बटण दाबून मत का देत नाही?" काका स्वतः फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न वरवरचा नाही. फोनवर त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्ही फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला राहतो. जवळच मेपोर्टचा नौदल तळ आहे. माझी लेक अमेरिकन नौदलात आहे आणि मोहिमेवर गेली की महिनोन् महिने समुद्रावर असते. मतदार यादीत नाव मात्र इथल्या ड्यूव्हल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). सैनिक आणि परदेशी राहणारे नागरिक यांच्या मतदानासाठी अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला. हक्क मिळाला, पण कोरी मतपत्रिका टपालाने जहाजाच्या मागे फिरायची. ती हातात पडेपर्यंत जहाज दुसऱ्या समुद्रात आणि निवडणूक तोंडावर, हे नेहमीचंच होतं.

याची खरी किंमत कळली ती २००० साली, आणि तीही आमच्याच राज्यात. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश आणि गोर या उमेदवारांमधला इथला फरक शेवटी ५३७ मतांचा राहिला. परदेशातून आलेली मतं मोजायला दहा दिवसांची मुदत होती, पण अनेक सैनिकांच्या पाकिटांवर टपालाचा शिक्काच नव्हता. जहाजावरच्या टपालाला तो दर वेळी पडतोच असं नाही. एका काउंटीने अशी पाकिटं मान्य केली, दुसरीने बाजूला काढली. मत देणारा सैनिक तोच, कायदाही तोच, पण मत मोजलं जाणार की नाही हे पाकीट कुठे उघडलं गेलं त्यावर ठरलं. मला हे आजही लागतं.

२००९ मध्ये नवा कायदा आला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल तेव्हा पडलं. कोरी मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवायची, आणि मतदाराने मागितली तर ईमेलने किंवा संकेतस्थळावरून द्यायची. नोटरीची सही नाही म्हणून मत नाकारायचं नाही. परदेशी तैनात सैनिकाचं भरलेलं पाकीट जलद टपालाने, फुकट, आणि माग काढता येईल अशा क्रमांकाने परत आणायचं.

लेक सुट्टीवर आली होती तेव्हा तिने मला हे सगळं टेबलावर मांडून दाखवलं. प्रत्येक तुकडीत मतदानाला मदत करणारा एक अधिकारी नेमलेला असतो. जहाजाला इंटरनेट मिळेल त्या वेळात मतपत्रिका उतरवून घ्यायची आणि छापायची. सोबत सूचना आणि मतदाराचं प्रतिज्ञापत्र येतं. काळ्या किंवा निळ्या शाईने खूण करायची, कागद घडी घालून आतल्या गोपनीय पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात. प्रतिज्ञापत्रावर सही आणि सहीखाली तारीख. ती तारखेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, सगळ्यात महत्त्वाची ओळ ही." २०२४ च्या निवडणुकीत फ्लोरिडाचा नियम असा होता की परदेशातून आलेल्या पाकिटावर मतदानाच्या दिवसाचा किंवा त्याआधीचा शिक्का हवा, नाहीतर मतदाराने स्वतः घातलेली तशी तारीख हवी. मग ते दहा दिवसांत पोचलं तरी चालतं. ज्या शिक्क्यापायी २००० मध्ये एवढं रामायण घडलं, त्याची जागा आता हाताने लिहिलेली तारीख घेऊ शकते.

फ्लोरिडात परदेशातल्या मतदाराला भरलेली मतपत्रिका फॅक्सनेही पाठवता येते. काही राज्यांत ईमेल चालतो. पण अशा वेळी बहुतेक ठिकाणी 'माझं मत गुप्त राहणार नाही हे मला मान्य आहे' अशा अर्थाच्या मजकुरावर सही करावी लागते. लष्करात वरिष्ठांच्या हाताखाली राहणाऱ्या मुलीने गुप्ततेवर पाणी सोडावं हे मला पटत नाही. तिलाही नाही, म्हणून ती कागदच पाठवते.

आता काकांचं बटण. अमेरिकेने ते करून पाहिलं नाही असं नाही. २००४ च्या निवडणुकीसाठी संरक्षण खात्याने सैनिकांकरता इंटरनेट मतदानाची यंत्रणा बांधायला घेतली होती. तपासणीला बोलावलेल्या चार संगणकतज्ज्ञांनी ती वापरू नका असं स्पष्ट लिहून दिलं आणि खात्याने योजना गुंडाळली. २०१० मध्ये वॉशिंग्टन शहराने परदेशातल्या मतदारांसाठी अशीच यंत्रणा उभी केली आणि एक फार चांगली गोष्ट केली: खरं मतदान सुरू व्हायच्या आधी लोकांना सांगितलं, या, तोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी ४८ तासांच्या आत आत शिरले. भरलेली मतपत्रिका साठवताना फाइलच्या नावाची नीट तपासणी होत नव्हती, तीच त्यांची वाट. त्यांनी पडलेली सगळी मतं बदलली, आणि 'धन्यवाद'च्या पानावर आपल्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय केली. ते गाणं वाजत असूनही अधिकाऱ्यांना पत्ता लागायला जवळजवळ दोन दिवस गेले. गाणं न वाजवणारा कुणी शिरला असता तर? शहराने भरलेली मतपत्रिका इंटरनेटवरून घेण्याचा बेत सोडला, कोऱ्या मतपत्रिकेची सोय तेवढी ठेवली.

मग काका विचारतात, बँकेचे लाखो रुपये मोबाइलवर जातात ते? बँकेत गडबड झाली तर पासबुकात दिसते, तक्रार करता येते, पैसे परत मिळतात. मतात तसं चालत नाही. कुणी कुणाला मत दिलं याची नोंद ठेवायची नाही हीच तर मूळ अट. मग मधल्या मधे मत बदललं तर ते ना मतदाराला कळणार, ना मोजणाऱ्याला. कागद असला तर निदान पुन्हा मोजता येतो. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं आणि २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक मतं तशीच पडली, हे खरं आहे. पण तिथे नागरिकांकडे चिप असलेलं सरकारी ओळखपत्र आहे. अमेरिकेत असं राष्ट्रीय ओळखपत्रच नाही, आणि प्रत्येक काउंटी आपली निवडणूक आपण घेते.

हे सगळं सांगितल्यावर मी काकांना त्यांच्याच घरातली गोष्ट सांगितली. त्यांचा नातू सीमेवर आहे. २०१६ मध्ये नियम बदलून भारताच्या निवडणूक आयोगानेही सैनिकांना कोरी टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला सुरुवात केली. ओटीपी आणि पिन टाकून ती उघडते, छापायची, खूण करायची, प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून घ्यायचं आणि पाकीट टपालात. मोजणीच्या टेबलावर आधी क्यूआर कोड तपासतात. २०१४ मध्ये सैनिकांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची मतं आली होती. २०१९ मध्ये नोंदलेल्या १८ लाखांहून अधिक सैनिक-मतदारांपैकी सुमारे ६० टक्क्यांची आली. परतीचा प्रवास अजूनही टपालानेच आहे. वाचला तो फक्त जाण्याचा वेळ, आणि त्याने एवढा फरक पडला.

मी अमेरिकन नागरिक झाले, त्यामुळे भारतात मत देण्याचा माझा हक्क संपला. माझा भाऊ दुबईत आहे, पासपोर्ट भारतीय, नाव साताऱ्याच्या यादीत. २०११ पासून त्याला मतदार म्हणून नोंदता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्या केंद्रावर यावं लागतं. २०२४ मध्ये देशभरात १ लाख १९ हजारांवर परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्राच्या ५,०९७ पैकी आले सतरा. आपल्या लोकांना आस्था नाही असं यावरून कुणी म्हणू नये. मधल्या उन्हाळ्यात रजा आणि विमानाचं तिकीट प्रत्येकाला जमत नाही.

सैनिकांची पद्धत या लोकांनाही लागू करायची तयारी आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्येच कायदा मंत्रालयाला कळवली होती. त्याआधी प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी सभागृहाची मुदत संपल्यावर बारगळलं. मला वाटतं ते बारगळलं ते बरंच, कारण आपलं मत दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा स्वतः खूण केलेला कागद चांगला. माझ्या भावाला मोबाइलवरचं बटण नकोच आहे. छापता येईल अशी मतपत्रिका, वकिलातीत साक्षांकनाची सोय आणि पाकीट पोचलं की नाही हे पाहायला एक क्रमांक, एवढंच त्याचं मागणं आहे.