घरखर्चावर लढवलेली निवडणूक आणि तिचा हिशेब : माझा अनुभव

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर शहरातून उभ्या राहिलेल्या एका अपक्ष महिला उमेदवाराची निवडणूक खर्च प्रतिनिधी म्हणून मी काम केले. सहकारी बँकेच्या हिशेब विभागात आयुष्य गेल्यामुळे हे काम माझ्याकडे आले, राजकारणाच्या आवडीमुळे नव्हे. उमेदवार आमच्याच पेठेतल्या, विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवणाऱ्या. तेल, डाळ, गॅस आणि वीजबिल यांचे भाव त्यांना वर्तमानपत्रातून कळत नाहीत, रोजच्या खरेदीतून कळतात. घरखर्च हाच प्रचाराचा एकमेव विषय ठेवायचा, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले होते.

अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर अशी होती आणि २९ तारखेला धनत्रयोदशी होती. म्हणजे घराघरांत फराळाची कढई चढलेली असताना आम्ही नमुना २६ चे शपथपत्र भरत होतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात आणि त्यांचे यादीभाग क्रमांक व अनुक्रमांक अचूक लिहावे लागतात. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवता येत नाही. जिथे सांगण्यासारखे काही नाही तिथेही 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे लागते, कारण सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. स्वतःच्या, पतीच्या आणि अवलंबितांच्या मालमत्तेचा, कर्जाचा, सोन्याचा तपशील लिहिताना बाईंना अवघडल्यासारखे झाले. दागिन्यांवर काढलेले सोनेतारण कर्ज सगळ्या गावाला दिसणार होते. माझ्या मते या कागदाइतके प्रामाणिक प्रचारसाहित्य दुसरे नसते, पण तो वाचणारे मतदार मला फारसे भेटले नाहीत.

अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सगळा खर्च त्यातूनच करावा लागतो. एका व्यक्तीला किंवा दुकानदाराला संपूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाहीत. त्यापुढे धनादेश किंवा ऑनलाइन. आमच्या मंडपवाल्याला हे पटवून देणे हे अर्ज भरण्यापेक्षा कठीण गेले.

खर्चाची नोंदवही निवडणूक कार्यालयाकडून मिळते. रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा प्रत्येक खर्च त्यात यावा लागतो, प्रचाराच्या काळात ती किमान तीन वेळा तपासणीसाठी न्यावी लागते, आणि आपल्या नोंदी प्रशासनाने स्वतंत्रपणे ठेवलेल्या शॅडो रजिस्टरशी जुळवून पाहिल्या जातात. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत ती २८ लाख होती. आमचा खर्च या मर्यादेच्या आसपासही फिरकणार नव्हता, त्यामुळे हे सोपे असेल असे कार्यकर्त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात थोडक्या पैशांचा हिशेब अधिक किचकट असतो, कारण तो चहा, झेरॉक्स, रिक्षाचे पेट्रोल आणि पुठ्ठा अशा असंख्य तुकड्यांत विखुरलेला असतो.

जिल्हा निवडणूक प्रशासन चहापासून खुर्चीपर्यंत आणि हारापासून जेवणाच्या ताटापर्यंत प्रत्येक वस्तूचे दरपत्रक ठरवून देते. तुम्हाला वस्तू स्वस्तात मिळाली तरी हिशेबात सहसा दरपत्रकातलाच दर धरला जातो. आमच्या प्रचारफेरीत वीस-पंचवीस बायका असत आणि त्या आपापल्या घरून भाकरी, झुणका, खर्डा बांधून आणत. एका तपासणीत याविषयी विचारणा झाली. वस्तुरूपाने मिळालेली मदतही अंदाजी किंमत लावून दाखवावी लागते, हा नियम योग्यच आहे. नाहीतर मोठे उमेदवार हजारो ताटे 'घरून आली' म्हणून मोकळे होतील. मी त्या भाकऱ्यांची नोंद दरपत्रकातल्या जेवणाच्या दराने केली. संध्याकाळी मी ती वाचून दाखवली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "एवढ्याला ताट? मग आम्ही घरात रोज किती रुपयांचं शिजवतोय, ते कोण लिवणार?" बाईंनी त्याच रात्री वह्या मागवल्या आणि इच्छुक घरांनी आठवड्याचा किराणा, गॅस, दूध आणि वीजबिल लिहून ठेवावे, असे सुचवले. पुढच्या कोपरा सभांत त्या भाषण करण्याऐवजी, घरमालकिणीची परवानगी घेऊन, त्या वहीतली पानेच वाचू लागल्या.

तेलाचा विषय प्रत्येक दारात निघत असे. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढवले होते. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण भार ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध केलेल्या तेलावरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेला होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मीपुरी बाजारात तेलाच्या डब्याचा भाव विचारायलाही बायका धजत नव्हत्या. "पंधराशे आलं खरं, आणि डब्यातच गेलं बघा," हे लाडकी बहीण योजनेविषयीचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की ते प्रचाराचे घोषवाक्य करावे, असे तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले. बाईंनी ते मान्य केले नाही. मिळणाऱ्या पैशांची थट्टा आपण करायची नाही, एवढेच त्या म्हणाल्या. त्या वेळी एक आघाडी २,१०० रुपयांचे आणि दुसरी ३,००० रुपयांचे आश्वासन देत होती, त्यामुळे त्यांचे सावध राहणे मला शहाणपणाचे वाटले.

खरा वाद पत्रकावरून झाला. आमदाराच्या आणि राज्य सरकारच्या अखत्यारीत काय येते आणि काय येत नाही, हे पत्रकावर दोन बाजूंना छापायचा बाईंचा आग्रह होता. खाद्यतेलाचे आयातशुल्क आणि घरगुती सिलिंडरचा दर दिल्लीत ठरतो. वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यापुढे कोणाही ग्राहकाला हरकत घेता येते. एसटीचे भाडे, रेशनचे वाटप, पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर हे राज्याचे विषय. २०२४ च्या जूनमधील अर्थसंकल्पात या करात झालेली कपात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दींपुरती होती, कोल्हापूरच्या पंपावर तिचा काही उपयोग नव्हता. ही गोष्ट पत्रकात ठळक अक्षरांत गेली. कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की, तेल आमच्या हातात नाही असे लिहून देणारा उमेदवार कोणी पाहिला आहे का? पत्रकाखाली मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक असते, ते छापून पत्रक बाहेर पडले.

एका सभेत त्याचा कस लागला. एका बाईंनी विचारले की, तेल स्वस्त करणार नसाल तर मत कशाला द्यायचे. उमेदवार उत्तर देण्याआधीच शेजारची बाई उठली. तिचे माहेर हातकणंगले तालुक्यातले. भावाने सोयाबीन पिकवले आहे, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी मिळतो, आणि हे शुल्क त्याच्यासाठी वाढवले असे सरकार म्हणते, असे तिने सांगितले. त्याला भाव मिळाला नाही आणि मला डबा महाग पडला, मग मधले पैसे गेले कुठे, असा तिचा प्रश्न होता. त्यानंतर कितीतरी वेळ सभेत उमेदवाराला बोलायची संधीच मिळाली नाही, आणि माझ्या मते ती आमच्या प्रचारातली सर्वांत चांगली सभा होती. १२ नोव्हेंबरला ऑक्टोबर महिन्याची किरकोळ महागाई ६.२१ टक्के आणि खाद्यपदार्थांची १०.८७ टक्के असल्याचे आकडे जाहीर झाले, तेव्हा ते फलकावर लिहिण्यापलीकडे आम्हाला काही करावे लागले नाही. लोकांना ते आधीच ठाऊक होते.

चिन्हवाटप ४ नोव्हेंबरला, माघारीची मुदत संपल्यावर झाले. आम्ही पसंतीची तिन्ही चिन्हे स्वयंपाकघरातली मागितली होती आणि त्यांतले दुसरे मिळाले. त्याच दिवशी कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतल्याने शहरात दुसरे कोणी काही बोलतच नव्हते. माघारीपासून १८ तारखेच्या संध्याकाळी प्रचार थांबेपर्यंत उण्यापुऱ्या दोन आठवड्यांत अपक्षाने आपले चिन्ह घरोघर पोहोचवायचे असते, तर पक्षांची चिन्हे लोकांना जन्मापासून पाठ असतात. ही तफावत कोणत्याही खर्चमर्यादेने भरून निघत नाही.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. वैध मतांच्या एक षष्ठांश मते न मिळाल्याने अनामत जप्त झाली. कार्यकर्ते पांगले, माझे काम मात्र उरले होते, कारण निकालापासून ३० दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे सादर करावा लागतो, हरलेल्यांनाही. तो योग्य कारणाशिवाय न दिल्यास निवडणूक आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ताळमेळ बैठकीत शॅडो रजिस्टरशी किरकोळ फरक निघाले, ध्वनिवर्धकाच्या भाड्याचे आणि एका सभेतल्या खुर्च्यांचे. बिले जोडून त्यांचे निरसन झाले. पोचपावती मिळाली ती मी बाईंच्या खानावळीत नेऊन दिली.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पत्रकात राज्याच्या बाजूला छापलेला तो विषय होता, म्हणून काही जुने कार्यकर्ते पुन्हा एकत्र आले. त्याच सुमारास महावितरणच्या नव्या दरप्रस्तावावर वीज नियामक आयोगाने हरकती मागवल्या. बाईंनी वह्यांमधली वीजबिलांची पाने वेगळी काढली, कोणत्या घराचे किती युनिट कोणत्या टप्प्यात जातात याचा तक्ता मी करून दिला, आणि हरकतीच्या अर्जावर पहिली सही त्या ताटाचा दर विचारणाऱ्या मावशींची झाली.