रापणीचा वाटा

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. 'मॅडम, फोटो निकालना है क्या?' हिंदीत. देवबागच्या किनाऱ्यावर, आमच्याच घरामागे.

रापण, समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढणं चालू होतं. दोन्हीकडच्या दोरांवर माणसं पाठीमागे रेलून पाय वाळूत रोवत होती. मी चपला काढल्या आणि शेवटच्या माणसामागे जाऊन दोर धरला. एवढंच. लहानपणी कुणी विचारायचं नाही. दोराला हात लावला की मासळीत वाटा. पोराटोरांनाही मूठभर पेडवे, परकराच्या ओच्यात. आजही ओला दोर तळहाताला तसाच करकरला, आणि शेजारचा विशीतला पोरगा माझ्या मोबाइलसाठी हात पुढे करून उभा. पर्यटक असेच येतात, दोर धरतात, फोटो काढून जातात. त्याचं काय चुकलं?

तरी लागलं. 'मी हयलीच मरे,' म्हटलं, तर माझंच मालवणी मला परकं वाटलं.

काकीनेही काल पडवीतल्या खोलीचं जे... जाऊ दे. डिसेंबर आहे, पर्यटकांना खोली देऊन तिच्या कमाईचे दिवस.

१९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे थेट धावू लागली तेव्हा काय आनंद झाला होता! एसटीत रात्रभर अंग मोडणं संपलं, गाव जवळ आलं, असंच सगळे म्हणायचे. त्याच गाडीने मी कुडाळहून गेले आणि वर्षातून चार दिवसांची झाले. २०२१मध्ये चिपीला विमानही उतरलं. गाव जवळ आलं ते सगळ्यांनाच. मग मी कुठल्या हक्काने रुसून बसलेय?

पोराशी नंतर बोलले. पहाटे रापण, दहानंतर कर्लीच्या संगमावर पर्यटकांची बोट. नुसत्या रापणीवर भागत नाही. बाहेर खोल पाण्यात यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी पडून अख्खा थवा घेरला की किनाऱ्याला बांगडा येणार कुठून? त्याचा बाप मुंबईत नोकरीला होता, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा दिसायचा. हा रोज रात्री घरी जेवतो. बाबा आमच्याबरोबर किती रात्री जेवले, ते मोजायला गेले आणि सोडून दिलं. मनातली कुरकुर तिथेच जरा निवली.

वाटा मात्र सुटत नाही डोक्यातून. मासळीचे ढीग लावायला घेतले तशी मी उठून घरी आले. मला दिला नसता तर, ही भीती. दिला असता तर काय केलं असतं, तेही ठाऊक नाही.

तळहात अजून हुळहुळतोय. उद्या परत जाईन, आणि वाटे पडेपर्यंत थांबेन.